खिशातली बॅटरी

रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला निघता, तेव्हा हातात बॅटरी असते का? एका रात्री मी मोबाईलच्या मिणमिणत्या उजेडात बांधावरून चाललो होतो. सोबतच्या शेतकऱ्याने बॅटरी मारली आणि माझ्या पावलापुढे हातभर अंतरावर घोणस दिसली. तेव्हापासून मुठीत मावणारी चार्जिंगची बॅटरी माझ्या खिशात असते.

घेताना मोबाईलच्या चार्जरवर चालणारी, सेल बदलता येणारी घ्या. 'आयपीएक्स-७' लिहिले आहे का पाहा; म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास पडली तरी बिघडत नाही. लांबच्या झोतापेक्षा पसरट उजेड बांधावर बरा. फुगलेला सेल वापरू नका. आणि बॅटरी दिवसाच चार्ज करून ठेवा. रात्री तुमच्या वाटेकडे घरच्यांचे डोळे लागलेले असतात.