उजवीकडून सुरू होणारं पान

आमच्या गल्लीतल्या चाचांना फक्त उर्दू वाचता येतं. मराठी बोलतात मात्र अस्सल कोल्हापुरी. त्यांची नात पाचवीत आहे. शाळेची सूचना मी मराठीत टाईप करायचो आणि उर्दू हातानं लिहून तिचा फोटो पाठवायचो. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची मुदत संपल्यावर चाचा घरी आले. "सर, बोटानं मोठं केलं की वळ सरकतीया. तारीख पार डाव्या कोपऱ्यात हुती, ती दिसलीच न्हाई."

चूक माझी होती. मराठीला अक्षरं आणि उर्दूला चित्र, असा भेद मीच केला होता. सुट्टीत कळंब्याच्या घरी बसून दोन्ही भाषांचं पान बनवायला घेतलं. मी बीएड, संगणकवाला नव्हे. चुकत चुकतच शिकलो.

सीएसएस म्हणजे पानाची मांडणी ठरवणारी भाषा. पूर्वी लोक टेबलाच्या चौकटीत मजकूर कोंबायचे, मग 'फ्लोट' आलं. 2010 मध्ये ईथन मार्कोट यांनी पडद्याप्रमाणे बदलणाऱ्या पानाची कल्पना मांडली, आणि 2017 च्या मार्चमध्ये ग्रिड मोठ्या ब्राउझरांत पोचलं. ग्रिडला मी एवढंच सांगितलं : प्रत्येक रकाना किमान इतका रुंद हवा, बसतील तेवढे शेजारी ठेव. संगणकावर मराठी-उर्दू शेजारी आले, फोनवर एकाखाली एक. पण आधी सगळं मराठी, मग सगळं उर्दू, असं झालं असतं तर चाचांना तळापर्यंत सरकत जावं लागलं असतं. म्हणून प्रत्येक सूचनेची जोडी वेगळी केली.

खरी गंमत दिशेची. उर्दू रकान्याला 'उजवीकडून डावीकडे' सांगितलं, तरी मी दिलेलं डावं समास डावीकडेच राहिलं आणि उर्दू ओळी उजव्या काठाला चिकटल्या. आता सीएसएसमध्ये डावं-उजवं न म्हणता 'सुरुवात' आणि 'शेवट' म्हणता येतं. सुरुवातीला जागा सोड म्हटलं की मराठीत ती डावीकडे सुटते, उर्दूत उजवीकडे. वर्गात दोन्ही भाषा शिकवताना मला हे शब्द सुचायला हवे होते!

नस्तालीकला उंचीही जास्त लागते. शब्द उजवीकडून वरून सुरू होऊन तिरका खाली उतरतो. मराठीच्या ओळीला अक्षराच्या 1.6 पट अंतर पुरलं, उर्दूला 2.2 पट द्यावं लागलं. नाहीतर वरच्या ओळीचे नुक्ते खालच्या ओळीत शिरतात.

आणि तारीख. उर्दू शब्दापुढं 5-8 टाईप केलं की पडद्यावर 8-5 दिसतं. 5 ऑगस्टचा 8 मे! यावर सीएसएसमध्ये उपाय आहे, आकडे वेगळे ठेवायचा. तो वापरला, शिवाय महिन्याचं नावही अक्षरी लिहिलं. एकदा पोळलोय.

चाचांना फोनवर पान उघडून दिलं. त्यांनी सवयीनं दोन बोटं टेकवली, मग उचलली. "वळ पुरी दिसतीया. अक्षर जरा बारीक हाय."

ते मोठं केलं. रकाना हलला नाही, ओळी तेवढ्या वाढल्या.