हजेरीपटातला नवा रकाना

आम्हा उर्दू शाळेतल्या शिक्षकांची एक गंमत आहे. घरी आम्ही दखनी बोलतो, वर्गात उर्दूतून शिकवतो आणि प्रशिक्षणाला गेलो की मराठीत टिपणं काढतो. तालुक्याच्या सभागृहातल्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणातही मागच्या रांगेत बसून आम्ही असंच लिहून घेत होतो. विषय दोन होते : मुलांच्या अध्ययन शैली आणि वर्गातलं तंत्रज्ञान.

पहिल्या दिवशी सांगण्यात आलं की मुलं तीन प्रकारची असतात. काही पाहून शिकतात, काही ऐकून, तर काही हातानं करून. ज्याला त्याला त्याच्या शैलीनं शिकवा, कुणी मागं राहणार नाही. सोबत एक प्रश्नावली होती. ती आधी आम्ही स्वतःच भरून पाहिली. आम्ही 'श्राव्य' निघालो. बी.एड.ला हॉवर्ड गार्डनर यांच्या बहुविध बुद्धिमत्तेवर टीप लिहून आम्ही चांगले गुण मिळवले होते. हेही त्यातलंच काहीतरी असेल असं वाटलं, आणि पटलं. का पटू नये? ज्याच्या वर्गातली निम्मी मुलं पाचवीतही अडखळत वाचतात, त्या शिक्षकाला मुलांच्या न शिकण्याचं एखादं सोपं कारण मिळालं तर हवंच असतं.

शाळेत परतल्यावर हजेरीपटात नावांपुढे एक नवा रकाना आखला. दृ, श्रा, कृ.

पाचवीत एक मुलगा होता. वडिलांचं हायवेवर पंक्चरचं दुकान. ट्यूब पाण्यात बुडवून बारीकसं छिद्र शोधण्यात पोरगा वाकबगार, पण वाचनात कच्चा. अलिफ-बे सुटं ओळखायचा. अक्षरं एकमेकांना जोडून आली की थांबायचा. उर्दूत अक्षराचं रूप शब्दाच्या सुरुवातीला एक, मध्ये दुसरं आणि शेवटी तिसरं. ही गाठ सरावानंच सुटते. प्रश्नावलीत तो 'कृ' निघाला आणि आमचा प्रश्न मिटला. त्याला मातीचे नमुने करायला दिले, पुठ्ठ्याची घड्याळं दिली. वाचनाची पाळी आली की त्याला वगळून पुढच्याला उठवायचं. त्याची फजिती टळली, आमचा तास सुरळीत चालू लागला. सहामाही अशीच गेली.

मग एक दिवस त्याची अम्मी आली. बाहेर चप्पल काढून दारातच उभी राहिली. म्हणाली, "सर, काम करना तो उसके अब्बा बी सिकाते. पढ़ना सिकाने कू तुमारे पास भेजी मैं."

आमच्याकडे उत्तर नव्हतं. 'तो कृतिशील आहे' हे वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. बरं झालं, बोललो नाही.

नंतर जिथून मिळेल तिथून वाचलं. 2008 साली हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी या विषयावरचं संशोधन तपासून लिहिलं होतं की मुलाची शैली ओळखून त्याप्रमाणे शिकवल्यानं तो जास्त शिकतो, याला पुरेसा पुरावा नाही. गार्डनर यांनी स्वतः 2013 मध्ये स्पष्ट केलं होतं की त्यांची बहुविध बुद्धिमत्ता म्हणजे अध्ययन शैली नव्हे. म्हणजे आमच्या बी.एड.च्या टिपेचा आधारही गेला. मुलांना आवडीनिवडी असतात हे खरं. पण नकाशा सगळ्यांनीच पाहावा लागतो, नज्म सगळ्यांनीच ऐकावी लागते. साधन विषयावरून ठरतं. एवढी साधी गोष्ट आम्ही रकाना आखताना विसरलो.

आणि जे आम्हाला लहानपणी मकतबात मिळालं होतं, तेही विसरलो. हिफ्ज करणाऱ्या मुलाचा नवा सबक हाफिजसाहेब ऐकतातच. पण आधी सबकी आणि आमोख्ता, म्हणजे अलीकडचं आणि फार पूर्वीचं पाठ केलेलंही ऐकून घेतात. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे देऊन पाहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. आमोख्त्याचीच ही गोष्ट. मकतबातली छडी सोडून द्यावी, हे मात्र घ्यावं.

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या विषयाचीही थोडी हकिकत. तिथल्या लॅपटॉपवर आम्ही उर्दूची स्लाइड लावली, तर पडद्यावर अक्षरं तुटून सुटी सुटी आणि डावीकडून उजवीकडे! सभागृह हसलं, आम्हीही हसलो. घरी येताना वाटलं, आमच्या पाचवीतल्या मुलाला छापील पानही असंच दिसत असेल.

2017 साली दीक्षा सुरू झालं, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. आम्ही प्रोजेक्टर लावतो, व्हिडिओ दाखवतो. मुलं डोळे विस्फारून बघतात. "समझे?" "जी सर!" आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. म्हणून आता दोन-तीन मिनिटांनी व्हिडिओ थांबवतो आणि काय पाहिलं ते वहीत लिहायला लावतो. मुलांना हे मुळीच आवडत नाही.

त्या मुलाच्या बाबतीत मात्र प्रोजेक्टरपेक्षा आमचा जुना मोबाइलच कामाला आला. मधल्या सुट्टीत तो एक परिच्छेद वाचायचा, आम्ही आवाज भरून घ्यायचो, मग पुस्तकावर बोट ठेवून तो स्वतःलाच ऐकायचा. चुकलं की स्वतःच म्हणायचा, "फिरसे सर." पहिल्या आठवड्यात चार ओळींना तीन मिनिटं लागली. फेब्रुवारीपर्यंत ते एका मिनिटावर आलं. अजूनही लांब शब्दाला थबकतो. पण आता पाळी चुकवत नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा तीच प्रश्नावली आली, यंदा मोबाइलवर भरायची. मुलांच्या नावांपुढचा रकाना आम्ही मोकळा ठेवला. "माहिती अपूर्ण आहे," असा दोनदा फोन आला. तिसऱ्यांदा येईल तेव्हा काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.