झाकण आणि दाब

गेल्या वैशाखांत आमच्या मातोश्रींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया अकोल्यास व्हावयाची होती. शेगांवाहून आम्ही आपली जुनी मोटार काढली. सोबत आमचा चौदा वर्षांचा मुलगा होता. बाळापूरच्या अलीकडे उष्णतेचा कांटा लाल रेषेकडे सरकूं लागला, म्हणून एका लिंबाखालीं गाडी उभी केली. मुलगा फडकें घेऊन बॉनेट उघडावयास धांवला. आम्ही त्यास हाक मारून थांबविलें, तोंच आंत मोठा आवाज झाला व उकळतें पाणी वाफेसह बाहेर उसळलें. रबराची वरची नळी फुटली होती. मुलगा दोन पावलें अलीकडे होता, म्हणून वांचला.

मातोश्रींस दुसऱ्या वाहनानें पाठविलें. परंतु उशीर झाल्यामुळें शस्त्रक्रिया दोन दिवस पुढें गेली. हें संकट अकस्मात आलें नव्हतें, हीच आमच्या मनास टोंचणी होती. महिनाभर गाडीच्या टाकींतून पाणी सांडत होतें. झाकण सैल झालें असावें असें ठरवून आम्ही नवें बसविलें. तरीही सांडणें थांबेना, तेव्हां अधिक दाब धरणारें झाकण आणून लाविलें. पाणी थांबलें आणि आम्ही स्वतःस शहाणे समजलों!

विद्यार्थ्यांनो, इंजिनाच्या पाण्यावर दाब असणें हा दोष नव्हे. उघड्या भांड्यांत पाणी सुमारें १०० अंशांवर उकळतें. हवेच्या दुप्पट दाबाखालीं तेंच सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञानें १६७९ सालीं याच तत्त्वावर बंद भांडें तयार केलें. आपल्या स्वयंपाकघरांतील कुकर त्याच कुळांतला. मोटारीचें झाकणही तसेंच. ठराविक मर्यादेपर्यंत दाब धरावयाचा आणि जादा झाला कीं सोडून द्यावयाचा. म्हणून तापलेल्या इंजिनाची नळी कठीण लागली तर घाबरण्याचें कारण नाहीं. दाब किती आहे यापेक्षां तो कोठून आला, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न आम्हांस शेगांवच्या एका मिस्त्रीनें शिकविला. त्यानें नवी नळी बसविली, गाडी रात्रभर उभी ठेवविली आणि सकाळीं आम्हांस बोलाविलें. नळी दाबून पाहण्यास सांगितलें. ती मऊ होती. मग इंजिन सुरू केलें. दोन मिनिटांच्या आंत नळी दगडासारखी झाली. पाणी मात्र अद्याप गारच होतें.

"सर, पाणी तापलें नाहीं, मग दाब आला कोठून?" त्यानें विचारलें.

पंधरा वर्षें शास्त्र शिकविणारे आम्ही क्षणभर निरुत्तर झालों. मग उमगलें: उष्णतेवांचून आलेला दाब पाण्याचा नव्हे, वायूचा. सिलिंडरांत इंधन जळतांना जो प्रचंड दाब निर्माण होतो, त्यांतील वायु कोठून तरी पाण्यांत शिरत होता. मिस्त्रीनें टाकीच्या तोंडाशीं एका नळींत निळें द्रव धरलें. त्यांतून टाकींतील हवा जातांच तें पिवळें पडलें. ती कार्बन डायऑक्साइडची खूण. वर्गांत चुन्याची निवळी पांढरी होते, त्याचाच हा भाऊ. हेड उघडलें तेव्हां त्याखालचें गॅस्केट एके ठिकाणीं जळालेलें दिसलें. तें बदललें, हेडचा पृष्ठभाग सपाट आहे कीं नाहीं हें पट्टी लावून तपासलें आणि मूळचेंच झाकण पुन्हां बसविलें.

आम्ही घरीं परतलों तें विचार करीतच. वर्गांत एखादा मुलगा वारंवार उसळतो. आम्ही त्यास दटावतों, घरीं पालक दटावतात. तो गप्प होतो आणि आम्हीं समाधान मानतों. पण तें झाकण घट्ट करणें झालें. त्याच्या आंत कोठें काय जळत आहे, हें आम्हीं किती वेळां विचारलें? उत्तर आम्हांस सुखद वाटलें नाहीं.

मातोश्रींस आतां चांगलें दिसतें. आमचा मुलगा रोज सकाळीं इंजिन सुरू करण्यापूर्वीं आणि केल्यावर लगेच नळी दाबून पाहतो. तापलेल्या गाडीचें झाकण मात्र ती पूर्ण थंड झाल्यावांचून कोणीं उघडावयाचें नाहीं, हा आमच्या घरचा नियम झाला आहे.