हेमार्केटचे घड्याळ

एडिंबरो शहरात विमानतळावरून ट्रामगाडीने येणाऱ्या प्रवाशास मध्यवस्तीच्या थोडे अलीकडे हेमार्केट नावाचा एक चौक लागतो. नावाचा अर्थ गवताचा बाजार. आज तेथे गवताची काडीही दृष्टीस पडत नाही. चहूंकडून रस्ते येऊन मिळतात, माणसांची आणि वाहनांची अखंड धांदल चाललेली असते, आणि त्या धांदलीत एक दगडी घड्याळाचा मनोरा शांतपणे उभा असतो. इ. स. २०२२ च्या ऑगस्टअखेर आम्ही उभयतां प्रथमच त्या चौकात उतरलो, तेव्हा आम्हांस न्यावयास आलेले आमचे धाकटे चिरंजीव सामान उचलण्यापूर्वीच त्या मनोऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बाबा, हे आमचे घड्याळ."

'आमचे' हा शब्द आमच्या कानास खटकला. जेमतेम तीन वर्षे शिक्षणासाठी परगावी राहिलेल्या मुलाचे तेथे काय असावयाचे? पण सौभाग्यवती मात्र कौतुकाने म्हणाल्या, "देवळापुढच्या दीपमाळेसारखे दिसते, नाही?" चिरंजीवांनी मान डोलविली आणि आम्ही पुढे निघालो. ती उपमा किती यथार्थ होती, हे कळावयास आम्हांस पुढे अडीच महिने लागले.

येथे घरची एक गोष्ट वाचकांस सांगितली पाहिजे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर स्वारी केली आणि साऱ्या जगाप्रमाणे आमच्या पुण्याच्या घरातही सकाळ-संध्याकाळ युद्धाची चर्चा सुरू झाली. आमचे वडील बंधू, ज्यांना घरातील सर्वजण दादा म्हणतात, चहाच्या पेल्याबरोबर रोज एक आघाडी लढवीत असत. अशाच एका रविवारी चिरंजीवांचा दूरध्वनी आला आणि तो पठ्ठ्या युद्धाविषयी दोन शब्द बोलून लगेच आपल्या आवडत्या फुटबॉल संघाच्या सामन्याचे वर्णन करू लागला. आम्हांस राग आला. "तुझ्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर माणसे मरत आहेत आणि तुला चेंडूचे कौतुक सुचते?" असे आम्ही बोलून गेलो. दादांनी मागून आणखी एक वाक्य जोडले. या पिढीने हातात बांगड्या भराव्यात, असा त्याचा आशय होता. चिरंजीवांनी वाद घातला नाही. "तुम्ही एकदा इकडे या, मग बोलू," एवढेच ते म्हणाले.

या संघाचे नाव 'हार्ट ऑफ मिडलोथियन'. लोक प्रेमाने नुसते 'हार्ट्स' म्हणतात. नावाचा उगम शहराच्या जुन्या भागात पाहावयास मिळतो. सेंट जाइल्स या प्राचीन चर्चशेजारी फरसबंदीत रंगीत दगडांचे एक हृदय बसविलेले आहे. तेथे पूर्वी शहराचा तुरुंग होता. तो १८१७ मध्ये पाडला, आणि दुसऱ्याच वर्षी सर वॉल्टर स्कॉट यांनी त्याच तुरुंगाच्या टोपणनावाने आपली सुप्रसिद्ध कादंबरी प्रसिद्ध केली. येणारे-जाणारे त्या हृदयावर थुंकतात! सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या सौभाग्यवतींनी पदर नाकाशी धरला. परंतु तुरुंगाविषयीच्या जुन्या तिरस्कारातून निघालेली ही रूढी आता शुभशकुन मानली जाते, असे कळले. फुटबॉल संघ स्थापन झाला १८७४ मध्ये आणि १८८६ पासून त्याचे मैदान टाइनकॅसल येथे आहे.

सप्टेंबरात चिरंजीव आम्हांस त्या मैदानाकडे घेऊन गेले. हेमार्केटहून गॉर्गी रस्त्याने पायी जाताना गर्द डाळिंबी रंगाचे सदरे आणि मफलर घातलेली माणसे गल्लीगल्लीतून येऊन मिळतात. आजोबा, मुलगा आणि नातू अशी तीन पिढ्यांची रांग पाहून आम्हांस वारीची आठवण झाली. जवळच धान्यापासून मद्य गाळण्याचा मोठा कारखाना आहे; त्याचा आंबूस, उष्ण वास हवेत भरलेला असतो. मैदानात सुमारे २०,००० माणसे मावतात. प्रेक्षकांची मुख्य इमारत २०१७ मध्ये नवी बांधली. तेथे पूर्वी जी होती ती १९१४ सालची. शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ हे सर्व सांगत होते. त्यांचे वडील आणि आजोबा त्या जुन्या इमारतीत बसत. "१९१४," ते पुन्हा म्हणाले, आणि पुढे काही न बोलता मैदानाकडे पाहू लागले.

त्याच महिन्याच्या ८ तारखेस राणी एलिझाबेथ यांचे स्कॉटलंडमध्येच निधन झाले आणि त्या शनिवार-रविवारचे सारे फुटबॉल सामने पुढे ढकलले गेले. सामने थांबविणे योग्य की अयोग्य, यावर शहरात दोन्ही बाजूंनी बोलले जात होते. त्याआधी फेब्रुवारीतच रशियन संघांना आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून दूर ठेवण्यात आले होते. त्यावरही वाद होताच. आम्ही चिरंजीवांस म्हणालो, "पाहा, खेळ निराळा आणि राजकारण निराळे असे राहतच नाही." ते म्हणाले, "बाबा, हा वाद या गावात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. तुम्हांला दिवसभर वेळ आहे. ग्रंथालयात जाऊन १९१४-१५ चा हंगाम वाचा."

मग आमचा तोच नित्यक्रम झाला. शनिवारी चिरंजीव चालू हंगामाच्या मागे असत आणि इतर दिवशी आम्ही जुन्या हंगामाच्या मागे.

ब्रिटनने ४ ऑगस्ट १९१४ रोजी युद्ध पुकारले. १५ ऑगस्टला लीगचा हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी हार्ट्सने ग्लासगोच्या सेल्टिक या मातबर संघाचा दोन गोलांनी पराभव केला. पहिले आठही सामने त्यांनी जिंकले. एडिंबरोच्या इतिहासात असा संघ झाला नाही, असे म्हणावयास लोकांनी सुरुवात केली होती. परंतु तिकडे फ्रान्समध्ये माणसे पडत होती आणि वर्तमानपत्रांच्या एका स्तंभात सामन्यांचे निकाल, तर दुसऱ्या स्तंभात मृतांची नावे छापली जात होती.

सक्तीची भरती तोपर्यंत नव्हती. तिचा कायदा १९१६ मध्ये झाला. म्हणून तरुणांस लाज वाटावयास लावणे हाच भरतीचा एक मार्ग होऊन बसला. धट्टीकट्टी माणसे पगार घेऊन चेंडू लाथाडतात आणि हजारो धट्टीकट्टी माणसे ते पाहतात, हे देशास लांच्छन आहे, असा एक पक्ष होता. दुसरा पक्ष म्हणे की, गिरणी-कारखान्यांत आठवडाभर राबणाऱ्यांस शनिवारची एक दुपार मिळते, ती का हिरावता? सैन्यात जाणारे लोक याच गर्दीतून जात आहेत. घोड्यांच्या शर्यती, नाटकगृहे यांजकडे बोट का दाखवीत नाही? आमच्या मते या दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्यात पुष्कळ तथ्य होते. पण पहिल्याचे दुःखही खोटे नव्हते.

नोव्हेंबरच्या मध्यास तेथील सायंदैनिकात एक पत्र छापले गेले. खाली सही 'एका सैनिकाची कन्या' अशी होती. इतरांच्या बलिदानाच्या आडोशास राहून हार्ट्सला खेळावयाचेच असेल, तर त्यांनी 'मिडलोथियनची पांढरी पिसे' असे नाव घ्यावे, असे तिने सुचविले होते. पांढरे पीस हे त्या देशात भ्याडपणाचे चिन्ह. त्या दिवसांत रस्त्यात गाठून तरुणांच्या हाती अशी पिसे दिली जात.

हे वाचताना आम्ही थबकलो. आपल्याकडे पांढरी पिसे नाहीत. आपल्याकडे बांगड्या आहेत. रात्री हा प्रसंग सांगितला तेव्हा सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "बांगड्या घालणाऱ्या हातांनी काय थोडे सोसले आहे?" आम्ही निरुत्तर झालो. त्या पत्र लिहिणाऱ्या मुलीचा बाप कदाचित खंदकात असेल. तिच्या कठोर शब्दांस काही आधार होता. आम्ही पुण्यात आरामखुर्चीत बसून जे बोललो, त्यास कोणता आधार होता?

पत्राला उत्तर खेळाडूंनी दिले. त्यांच्यापैकी दोघे जुने राखीव सैनिक म्हणून आधीच गेले होते. जेम्स स्पीडी नोव्हेंबरातच आपण होऊन गेला होता. सर जॉर्ज मॅक्रे या ५४ वर्षांच्या माजी खासदारांनी नवी पलटण उभारण्याचे ठरविले आणि २५ नोव्हेंबर १९१४ रोजी हार्ट्सच्या ११ खेळाडूंनी एकाच दिवशी तीत नावे नोंदविली. आधी गेलेले व मागून गेलेले धरून ही संख्या १६ झाली. अशर हॉल या नव्या सभागृहात प्रचंड सभा भरली; मॅक्रे यांनी आपण स्वतः पलटणीबरोबर जाणार असे सांगितले, आणि ते खरोखरच गेले. खेळाडूंच्या मागोमाग त्यांचे शेकडो चाहते आले. इतर संघांचे खेळाडूही आले. थोड्याच दिवसांत पलटण भरली.

वाचकहो, त्यानंतरही हंगाम संपला नव्हता. हे खेळाडू आठवडाभर कवायत करीत, रात्री लांबलांब कूच करीत, रोगप्रतिबंधक लस टोचून घेत आणि शनिवारी सामना खेळत. तशाही स्थितीत वसंतापर्यंत ते अग्रभागी राहिले. शेवटी एप्रिलमध्ये पाय थकले. अखेरचे सामने हातचे गेले. ३८ सामन्यांनंतर सेल्टिकचे गुण ६५ झाले आणि हार्ट्सचे ६१. त्या काळच्या हिशेबाने दोनच विजय कमी पडले. येथे प्रतिस्पर्ध्यांस दोष देणे अन्यायाचे होईल. सेल्टिककडून पूर्वी खेळलेला विल्यम अँगस याने त्याच वर्षीच्या जूनमध्ये आपल्या जखमी अधिकाऱ्यास शत्रूच्या तोंडून ओढून आणले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. शौर्य कोणा एका रंगाच्या सदऱ्याची मिरास नसते.

यापुढचा भाग वाचताना आम्ही पाने सावकाश उलटीत होतो. स्पीडी सप्टेंबर १९१५ मध्ये लूझ येथे पडला. टॉम ग्रेसी रक्ताच्या कर्करोगाने पुढच्याच महिन्यात गेला. १ जुलै १९१६ हा सोमच्या लढाईचा पहिला दिवस. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९,००० हून अधिक लोक मेले. त्यांत हार्ट्सचे डंकन करी, अर्नेस्ट एलिस आणि हॅरी वॉटी होते. ऑगस्टमध्ये जेम्स बॉइड गेला, पुढच्या वर्षीच्या एप्रिलात जॉन ॲलन. सात जण झाले. जे परत आले त्यांपैकी कित्येकांचे शरीर पुन्हा खेळण्याजोगे राहिले नाही. फ्रान्समधील काँतालमेझाँ गावी या पलटणीचे दगडी स्मारक उभे राहावयास २००४ साल उजाडावे लागले.

हे वाचीत असता आम्हांस साताऱ्याजवळचे आपशिंगे गाव आठवले. पहिल्या महायुद्धात पडलेल्या गावकऱ्यांचा एक स्तंभ तेथे आहे. त्या युद्धात आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, कूट-अल-अमारा येथे लढल्या. त्या शिपायांनी जावे की नाही, यावर विलायतेच्या वर्तमानपत्रांत पत्रे आली नसतील; पण त्यांच्याही घरी कोणीतरी वाट पाहत होते. पुण्याहून आपशिंगे काही तासांच्या वाटेवर. आम्ही त्या स्तंभासमोर आजवर एकदाही उभे राहिलो नव्हतो. एडिंबरोस जाऊन हे ध्यानात यावे, हा प्रवासाचा लाभ म्हणावा की आमच्या करंटेपणाचा पुरावा?

१३ नोव्हेंबरच्या रविवारी हेमार्केटच्या चौकात आम्ही तिघे उभे होतो. ते घड्याळ म्हणजे या संघाच्या पडलेल्या खेळाडूंचे आणि सभासदांचे स्मारक. ९ एप्रिल १९२२ रोजी त्याचे अनावरण झाले, तेव्हा ४०,००० लोक जमले होते, असे नमूद आहे. ट्रामच्या कामासाठी मध्यंतरी ते हलविले होते. २०१३ मध्ये पुन्हा चौकात आणले. दरवर्षी नोव्हेंबरात संघाचे लोक तेथे जमून लाल कागदी फुलांची चक्रे वाहतात. भाषणांचा गाजावाजा नाही, जयघोष नाही. मैदानात शेजारी बसलेले ते वृद्ध गृहस्थ नातवाचा हात धरून उभे होते. त्यांनी आम्हांस ओळखून टोपी काढली. दोन मिनिटे सारा चौक स्तब्ध झाला. सौभाग्यवतींनी आपल्या रीतीप्रमाणे हात जोडले. चिरंजीवांचे 'आमचे' त्या क्षणी आम्हांस समजले.

युद्धकाळी खेळावे की खेळू नये, या प्रश्नाचे सर्वकाळ पुरणारे उत्तर आमच्याजवळ नाही. एवढे मात्र निश्चित कळले की, दुसऱ्यास रणांगण दाखवणाऱ्याने आपण स्वतः कोठे उभे आहोत हे आधी पाहावे. मॅक्रे यांनी ते पाहिले होते. आम्ही पाहिले नव्हते. त्याच रात्री आम्ही चिरंजीवांजवळ तसे बोलून दाखविले. ते संकोचून म्हणाले, "जाऊ द्या, बाबा. चहा घेता का?"

पुण्यास दादांना दूरध्वनीवर सारी हकीगत सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "मग त्या वर्षी अखेर ते जिंकले का?"

"नाही. चार गुण कमी पडले."

पुन्हा थोडा वेळ शांतता. नंतर आपल्या नेहमीच्या करड्या आवाजात दादा म्हणाले, "पोराला सांग, दर शनिवारचा निकाल मला कळवीत जा म्हणावे."