अब्बांचे खत आणि आजोबांचा वस्तरा

आमचे अब्बा वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झाले. १९६४ साली सुरू झालेल्या या कारखान्यात बंदुकीच्या गोळ्या बनतात आणि तिथे केसभर फरकही चालत नाही. ती शिस्त अब्बांच्या अंगात मुरली आहे. जुम्याच्या नमाजेला जाण्याआधी मिशा कातरलेल्या आणि दाढीचे खत, म्हणजे गालावरची व गळ्याखालची रेघ, साफ केलेले हवे, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम.

गेल्या दोन वर्षांत गुडघ्यांनी त्यांची साथ सोडली आणि हातालाही कंप आला. दुकानाच्या पायऱ्या चढणे बंद झाले. पूर्वी धोकटी घेऊन घरी येणारे हज्जाम चाचा वयामुळे कामातून निवृत्त झाले. काही जुमे अब्बा आरशात पाहायचेच टाळत होते. "आता कोण बघतंय मला?" असे ते म्हणाले, तेव्हा आम्हा तिघा भावांना ते फार लागले.

आधी आम्ही ट्रिमर आणला. त्याने खुंट राहतात, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की घामाने मान खाजते. साध्या रेझरचे डोके रुंद असते. धार त्याच्याखाली झाकली जाते, त्यामुळे रेघ नेमकी कुठे निघते ते दिसत नाही. शेवटी अब्बांनीच पेटीतला आजोबांचा वस्तरा काढायला सांगितला.

अब्बांना मधुमेह आहे. जखम लवकर भरत नाही. म्हणून आधी डॉक्टरांना विचारले. उजेड भरपूर असावा, फोड किंवा पुरळ असेल तिथे हात लावू नये आणि वस्तरा फक्त अब्बांसाठीच ठेवावा, एवढ्या अटींवर त्यांनी होकार दिला. मग आम्ही चाचांच्या घरी जाऊन बसलो.

चाचांचा पहिला धडा धारेचा होता. "बेटा, कापतो तो बोथट वस्तरा. तेज वस्तरा हळूच सरकतो," ते म्हणाले. आपल्या घरांत ही गोष्ट नवीन नाही. जनावराला त्रास होऊ नये म्हणून सुरी आधी नीट धारदार करून घ्या, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. बकरी ईदच्या आधी आपण सुऱ्यांना धार लावून घेतो ती त्याचसाठी. तेज धारेत दया असते, हे वडिलांच्या गालावर हात ठेवताना आम्हाला नव्याने कळले.

सुरीला धार लावताना ती दगडावर किती तिरकी धरायची, हा अंदाज हाताला असावा लागतो. वस्तऱ्याचे तसे नाही. त्याची पाठ जाड असते. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवली की कोन आपोआप साधतो. पाठ उचलली की काम बिघडले. दगड मात्र सपाट हवा. आजोबांच्या पथरीला मध्ये खोलगा पडला होता. काचेवर ओला पॉलिश पेपर पसरून त्यावर ती घासली आणि सपाट केली. ती बारीक दगड म्हणून शेवटी वापरतो. त्याआधी लागणारे १००० आणि ४००० नंबरचे दगड विकत आणले. आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक.

दगडावर पाणी घालायचे आणि धार पुढे ठेवून वस्तरा सरकवायचा. परतताना तो धारेवरून नव्हे, पाठीवरून उलटायचा. दाब द्यायचा नाही. वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरते. पहिल्या दगडावर धार टोकापासून बुडापर्यंत सारखी बसली पाहिजे. ती तशी बसली नसेल, तर पुढचे बारीक दगड काही करू शकत नाहीत. आम्हाला त्यात दोन रविवार गेले.

मग चामड्याचा पट्टा. इथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. पट्टा ताणलेला ठेवायचा आणि जाऊन-येऊन चाळीस-पन्नास फेऱ्या मारायच्या. दगडाची गरज काही महिन्यांनी पडते, पट्ट्याची प्रत्येक वेळी.

हात बसवण्यासाठी चाचांनी फुगा फुगवून त्यावर साबणाचा फेस लावायला सांगितले. फेस निघाला पाहिजे, फुगा फुटता कामा नये. पोरांना ही गंमत वाटली. सलग दहा फुगे शाबूत राहिल्यावरच चाचांनी चेहऱ्याची परवानगी दिली.

गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन-तीन मिनिटे चेहऱ्यावर ठेवला की केस मऊ पडतात. एका हाताने कातडी ताणायची आणि वस्तरा साधारण तीस अंशांत, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, छोट्या टप्प्यांत न्यायचा. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ व सैल असते, म्हणून घाई अजिबात नको. शेवटी थंड पाणी आणि तुरटी. वस्तरा कोरडा पुसून त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब लावायचा, नाहीतर पोलाद गंजते.

एक गोष्ट प्रत्येक घराने सांभाळावी. एका माणसाचा वस्तरा दुसऱ्याला लावू नये, मग तो सख्खा भाऊ का असेना. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेरही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि दिसेल एवढे रक्त असावे लागतेच असे नाही. दुकानात गेल्यावर अर्धे पाते आपल्यासमोर नवीन घालायला सांगावे. यात भिडेचे काही नाही. हकीक्यात बाळाचे केस काढतानाही नवीन पाते आणि सरावाचा हात हवा. तिथे आम्ही चाचांच्या मुलालाच बोलावतो. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर ट्रिमरच बरा.

आता गुरुवारी असरनंतर आम्ही पाळीपाळीने अब्बांचे खत करतो. ते काम वीस मिनिटांचे आहे. एरवी मोजके बोलणारे अब्बा फेस पुसून झाला की आजोबांच्या, कारखान्याच्या गोष्टी सांगत बसतात. मागच्या गुरुवारी आमच्या धाकट्याचा हात थोडा जड पडत होता. अब्बा डोळे मिटूनच म्हणाले, "दाब कशाला देतोस? धारेला तिचं काम करू दे." मग आरसा मागून घेतला, दोन्ही गाल निरखले आणि दुसऱ्या दिवशीसाठी पांढरा कुर्ता इस्त्री करून ठेवायला सांगितला.