द्वितीय पुरुष

व्याकरणाच्या तासाला आम्ही मुलांना शिकवतो : बोलणारा तो प्रथम पुरुष, ज्याच्याशी बोलायचे तो द्वितीय आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो तृतीय. वर्गात हा नियम कोणी चुकत नाही. वर्गाबाहेर मात्र तो एका ठिकाणी हटकून मोडतो, हे मी कुकटपल्लीत फार जवळून पाहिले.

देगलूर-बिलोलीकडच्या आपल्या माणसांना हैदराबाद परके नाही. १९५६ पर्यंत राज्यही एकच होते. आजही दवाखाना, नोकरी, सोयरीक यांसाठी आपली पावले तिकडे वळतात. माझी मुलगी कुकटपल्लीला राहते. तिच्या शेजारी एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. मूळचे आपल्याच भागातले, गप्पांचे रसिक आणि पूर्णतः अंध. सुट्टीत गेलो की सकाळी आम्ही दोघे कोपऱ्यावरच्या हॉटेलात जातो. तिथला पोऱ्या पहिल्या दिवशी मला विचारू लागला, "साब को क्या होना?" साब तर माझ्या शेजारीच बसलेले! पोऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते; पण समोरच्या माणसाला त्याने सहज तृतीय पुरुषात ढकलले होते. ते हसून म्हणाले, "आँखां नहीं हैं बेटा, जबान तो है. एक पेसरट्टू ला." दुसऱ्या दिवसापासून पोऱ्या थेट त्यांनाच विचारू लागला. त्यासाठी भाषण द्यावे लागले नाही.

लग्नाच्या पंगतीत, बँकेत, दवाखान्यात हेच चालते. चाकाच्या खुर्चीतल्या बाईंची चौकशी आपण खुर्ची ढकलणाऱ्याकडे करतो. कर्णबधिर माणसाशी बोलताना दुभाष्याच्या तोंडाकडे पाहतो. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या तिशीच्या तरुणाला 'बाळ' म्हणतो. सिकंदराबादच्या मनोविकासनगरात अशा व्यक्तींसाठी १९८४ पासून राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या नावातला 'मेंटली हँडिकॅप्ड' हा शब्द पुढे गेला आणि सक्षमीकरण आले. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. फलक बदलले, कायदा बदलला. सर्वनाम बदलणे मात्र आपल्याच हाती आहे.

मदतीचेही तसेच. रस्ता ओलांडताना आमच्या या स्नेह्यांचा दंड धरून ओढत नेणारे पुष्कळ भेटतात. त्यांना हवे असते ते वेगळेच. ते माझ्या कोपराला धरतात, अर्धे पाऊल मागून चालतात आणि मी फक्त "पायरी आली, वर" एवढे सांगायचे. २०१७ साली कुकटपल्लीवरून मेट्रो सुरू झाली. स्थानकांत अंधांना पायाने वाट कळावी म्हणून उंचवट्यांच्या फरश्या बसवल्या आहेत. त्या मोकळ्या ठेवणे, हीसुद्धा मदतच. बाकी, "मदत हवी का?" असे विचारावे आणि "नको" म्हटले तर थांबावे. हे "नको" पचवणे आपल्याला जड जाते. कारण पुढे केलेल्या हातात पुण्याची थोडी आशा असते.

शाळेत मी शिक्षकांना एवढेच सांगतो : लेखनिक घेऊन परीक्षेला बसणाऱ्या मुलाला सूचना द्यायची ती मुलालाच द्या, लेखनिकाला नव्हे. अडखळत बोलणाऱ्या मुलीचे वाक्य आपण पुरे करू नका. ती करील, थांबा.

जगभरच्या दिव्यांग चळवळीची एक घोषणा आहे : आमच्याविषयी काहीही, आमच्याशिवाय नको. सीमेवरच्या माणसाला तिचा अर्थ फोड करून सांगायला नको. आपल्याविषयी दूर कुठे तरी ठरते आणि आपल्याला कोणी विचारत नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे.

शिवाय वय कोणाला सुटले आहे? पन्नाशी उलटली की डोळे, कान, गुडघे एकेक करून रजा मागू लागतात. उद्या आपण खाटेवर असू आणि पाहुणे सुनेला विचारतील, "यांनी औषध घेतले का?" उत्तर आपल्याला ठाऊक असेल, पण विचारलेले नसेल.