स्प्रिंगर पर्वतापाशी झोळीतला मुक्काम

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहराच्या उत्तरेस मोटारीने सुमारे दोन तासांवर अमिकलोला नावाचा २२२ मीटर उंचीचा धबधबा आहे. हे नाव चेरोकी भाषेतले असून त्याचा अर्थ ‘कोसळणारे पाणी’ असा होतो. त्या चेरोकी लोकांना १८३८ मध्ये सैन्याच्या बळावर या डोंगरांतून बाहेर काढण्यात आले. नाव तेवढे मागे राहिले. पायथ्याच्या दगडी कमानीखालून निघणारी पाऊलवाट सहाशे पायऱ्या चढते आणि निळ्या पट्ट्यांच्या खुणांनी १४ किलोमीटरवरील स्प्रिंगर पर्वतास जाऊन मिळते. ॲपलाचियन ट्रेल या ३,५०० किलोमीटर लांबीच्या पदभ्रमणमार्गाचे दक्षिण टोक ते हेच.

या वाटेवर पाठपिशवी घेऊन चालणारे अनेक जण हल्ली तंबूऐवजी हॅमॉक, म्हणजे झाडांना टांगायची झोळी, बरोबर घेतात. कारण उघड आहे. डोंगराचा उतार, दगड आणि मुळे यांत तंबूपुरती सपाट जागा सापडणे दुर्घट; दोन झाडे मात्र हवी तेथे मिळतात. शेताच्या बांधावर बाभळीला तान्ह्याची झोळी बांधणाऱ्या आपल्या लोकांना ही कल्पना समजावून सांगायला नको. हा शब्द मात्र कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांचा. १४९२ मध्ये कोलंबसाच्या खलाशांनी त्यांच्या घरांत या झोळ्या पाहिल्या आणि ‘हमाका’ हा शब्द स्पॅनिशमधून पुढे जगभर गेला.

झोळी बांधण्यापूर्वी मान वर करून पाहणे हे पहिले काम. या डोंगरांतील हेमलॉक वृक्षांना एका परदेशी किडीने ग्रासले असून कितीतरी वृक्ष वाळून उभ्याउभ्या मेले आहेत. अशा झाडाला झोळी बांधणे, अथवा दुसऱ्याच झाडाच्या सुक्या फांदीखाली ती टांगणे, हा जिवाशी खेळ होय. जिवंत, मांडीएवढ्या जाडीचा ओक किंवा हिकरी निवडावा. दोन खोडांत चार मीटरांचे अंतर असावे. बांधायला दोरी कधीही घेऊ नये. माणसाचा भार पडला की बारीक दोरी सालीत रुतते आणि सालीखालच्या ज्या कोवळ्या थरातून झाड वाढते तो चिरडला जातो. दोन बोटांहून अधिक रुंदीचा, न ताणणारा पॉलिएस्टरचा पट्टा हाच झाडाला सोसवतो.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे झोळी ताठ ओढून बांधणे. पट्टा जमिनीच्या पातळीशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर सत्तर किलोंच्या माणसामुळे प्रत्येक पट्ट्यावर सत्तर किलोंचाच ताण येतो. तोच कोन १० अंशांवर आणला की ताण दोनशे किलोंवर जातो. हा हिशेब न मांडणाऱ्याचे पट्टे तुटतात, खोडांना इजा होते आणि पाठही दुखते. पट्टे डोक्याच्या उंचीवर बांधावेत, मध्ये छान झोल ठेवावा आणि बसल्यावर बैठक खुर्चीइतकी उंच राहील असे पाहावे. मग निजावे ते मध्यरेषेवर सरळ नव्हे, तर किंचित तिरपे. तसे निजले की कापड पसरते आणि पाठ जवळजवळ सपाट राहते.

एवढे जमले तरी पहिली रात्र बहुतेकांना थंडीच शिकवते. अंगाखाली दबलेली रजई ऊब देत नाही आणि झोळीच्या तळाशी वारा मोकळा फिरतो. म्हणून झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला, वेगळी रजई टांगावी लागते. ती नसेल तर निदान फोमची चटई आत घालावी. बाजारात या रजया बहुधा पक्ष्यांची पिसे भरलेल्या असतात. कृत्रिम तंतूंच्याही मिळतात. त्या वजनाला थोड्या अधिक, पण ओलसर झाल्या तरी ऊब राखतात. वरती पावसासाठी ताडपत्रीचे हलके छत, आणि पट्ट्यावरून ओघळणारे पाणी झोळीपर्यंत पोहोचण्याआधीच खाली गळावे म्हणून पट्ट्याला बांधलेला वीतभर दोरा. या दोऱ्याची किंमत शून्य. तो विसरल्याची शिक्षा मात्र रात्रभर.

भोजनाचा प्रश्न येथे अस्वलांशी जोडलेला आहे. काळी अस्वले वासावर येतात. म्हणून स्वयंपाक व जेवण झोळीपासून साठ-सत्तर मीटर दूर करायचे. पुढे ब्लड माउंटनच्या परिसरात वसंत ऋतूत मुक्काम करणाऱ्याने अन्न कठीण कवचाच्या अस्वलरोधक डब्यात ठेवलेच पाहिजे, असा वनखात्याचा नियम आहे. ऑक्टोबरच्या मध्यास तेथे सातच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दाट झाडीत त्याआधीच अंधारते. दिवस असतानाच जेवण आटोपण्याची ज्या घरांची रीत आहे, त्यांना येथे काही नवे शिकावे लागत नाही. घरी भाजलेली मुगडाळ-तांदळाची भरड, हिंग, जिरे, हळद आणि तूप एवढे पिशवीत असावे. झऱ्याचे पाणी गाळून, उकळून, त्यात भरड शिजत घालावी. पहिला कढ आला की भांडे जाड कापडात गुंडाळून वीस मिनिटे ठेवले तरी खिचडी तयार होते आणि गॅसही वाचतो. सकाळसाठी खाकरा, मेथीची दशमी, गूळपापडी.

पहिला मुक्काम शिखराच्या अडीच किलोमीटर अलीकडे, ब्लॅक गॅप येथील तीन भिंतींच्या लाकडी निवाऱ्याजवळ करणे सोयीचे. पाऊस वाढला, किंवा झोळी साधली नाही, तर निवारा जवळ असतो. सकाळी तासाभरात १,१५३ मीटर उंचीचे शिखर येते. तेथे खडकावर कांस्यपट्टिका आहे, उत्तरेकडे निघणारा पहिला पांढरा पट्टा आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी नाव लिहावे म्हणून एक वही ठेवलेली असते.

ज्या वडीलधाऱ्यांना एवढी चढण झेपणार नाही, त्यांच्यासाठी पलीकडच्या अंगाने कच्चा वनरस्ता शिखरापासून सुमारे दीड किलोमीटरपर्यंत येतो.